लिंबू दक्षिणेला जातं

एक लिंबू. मध्यम आकाराचं, पिवळं, देठापाशी थोडं हिरवट.

साताऱ्यातल्या एका शाळेनं निरोप समारंभात दिलेल्या वस्तू: शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि सागवानी पेटीतली पितळी पाणसळ. म्हणजे सपाटी बघायची ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. पट्टीवर नाव कोरलेलं.

कोंडीबा गवंड्याचा उजवा अंगठा. पाण्याच्या नळीचं तोंड चाळीस वर्षं दाबून त्याचं टोक चमच्यासारखं चपटं झालेलं आहे.

आग्नेय कोपऱ्यातल्या फरशीखाली वास्तुपुरुष पालथा झोपलेला असतो. त्याला एकच शब्द येतो.

'तक्रारदार हा सुशिक्षित, विज्ञाननिष्ठ व कायद्याचे पालन करणारा नागरिक आहे.' (मसुदा क्रमांक तीन. मसुदा क्रमांक दोनमध्ये 'विज्ञाननिष्ठ' नव्हतं.)

दारात एक प्लास्टिकची खुर्ची, निळी, तोंड आत.

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, हे हरीभाऊ शेंड्यांना कळायला चौदा महिने लागले. आपल्याकडे तेवढा वेळ नाही, म्हणून लिंबापासून सुरुवात करू.

*

लिंबू पडलं ते वास्तुशांतीच्या दिवशी. सांगलीच्या कुपवाडकडच्या अंगाला आठ रो-हाउसची एक ओळ आहे, तिच्यातलं पाचवं घर हरीभाऊंचं. लेक अबोली कुपवाडला कारखान्यात नोकरीला, म्हणून म्हातारपणी तिच्याजवळ राहावं असं ठरवून हरीभाऊ आणि शरयूबाई साताऱ्याची भाड्याची जागा सोडून इथे आले. गुरुजींनी होम केला, आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली वास्तुपुरुष निजवला, वर फरशी बसवली, आणि पंगतीची तयारी सुरू झाली. शेजारच्या बनुबाई सरबताची लिंबं परातीतून नेत होत्या. त्यातलं एक खाली पडलं.

पडलेलं लिंबू थोडं घरंगळतं आणि थांबतं, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. हे थांबलं नाही. दिवाणखान्याच्या मधोमध पडलेलं ते लिंबू क्षणभर विचार केल्यासारखं डुललं आणि दक्षिणेच्या भिंतीकडे निघालं. घाई नाही, गडबड नाही. लग्नाला आलेले मोठे पाहुणे मांडवातून चालतात, तसं ते चाळीस पाहुण्यांच्या पायांमधून गेलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं.

"दक्षिणेला गेलं बाई," कुणीतरी हळूच म्हणालं.

दक्षिण ही यमाची दिशा. पंगतीत त्यानंतर मठ्ठ्याचा आवाज तेवढा येत होता.

बनुबाईंचे यजमान सुभेदार नाथाजी, मूळचे कवठे महांकाळकडचे, फौजेतून निवृत्त. त्यांनी लिंबू उचललं, मधोमध ठेवलं आणि हात काढला. लिंबू परत निघालं.

"मास्तर," नाथाजी म्हणाले, "ह्येला वाट पाठ झालीया."

हरीभाऊ मास्तर नव्हते. एकतीस वर्षं ते प्रयोगशाळा सहाय्यक होते. परंतु ओळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि त्यांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. माणसानं काही चुका चालू द्याव्यात.

दुसऱ्या कुणाला या प्रकाराचा संताप आला असता. हरीभाऊंनाही येणार होता, तो नंतर. त्या दुपारी पाहुणे गेल्यावर त्यांना आधी वाटलं ते कुतूहल. त्यांनी दोनशे पानी वही काढली, शाळेतल्या प्रयोगवहीसारखे रकाने आखले आणि लिहिलं:

उद्देश: लिंबू कुठे जातं ते पाहणे.
साहित्य: लिंबू, गोटी, टेबल टेनिसचा चेंडू, बुंदीचा लाडू.
कृती: वस्तू मधोमध ठेवून सोडून देणे.
निरीक्षण: लिंबू दक्षिणेला, सात वेळा. गोटी दक्षिणेला, सात वेळा. चेंडू दक्षिणेला, सहा वेळा (सातव्या वेळी पंखा चालू होता). लाडू हलला नाही; लाडवात तूप कमी असावे.
अनुमान:

अनुमानाचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. घाईनं अनुमान काढणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर नाक मुरडलं होतं.

*

बारा फुटांत दीड इंच. दक्षिणेची भिंत खाली, उत्तरेची वर. दोरी बांधून आणि डब्यात पाणी ठेवून हरीभाऊंनी हे मोजलं.

आता, फरशी वाकडी म्हटल्यावर माणूस आधी गवंड्याला धरतो. हरीभाऊंनी धरलं नाही, कारण ते शक्यच नव्हतं. ही फरशी बसवताना अकरा दिवस हरीभाऊ स्वतः दारात निळी खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या दिवशी कोंडीबा पाण्याची लांब पारदर्शक नळी घेऊन आला होता. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन भिंतींना लावायची, दोन्हीकडे पाणी जिथं थांबेल ती सपाटी. हरीभाऊंना ते पाहून हसू आलं होतं.

"कोंडीबा, एकविसावं शतक चालू आहे," असं म्हणून त्यांनी सागवानी पेटी उघडली होती. "प्रत्येक फरशीवर ही ठेवायची. बुडबुडा मध्ये आला की पुढची."

"आवं सर, नळी पन लावू या की. पानी कुनाचं ऐकत न्हाई."

"पाणी ऐकत नाही, मी ऐकतो. ही लाव."

कोंडीबानं लावली. एकेका फरशीवर पट्टी ठेवायची, सरांना दाखवायची. सरांना दारातून बुडबुडा दिसत नसे, पण पट्टीवर कोरलेली अक्षरं दिसत: 'श्री. हरी सखाराम शेंडे यांस, प्रदीर्घ सेवेबद्दल'. एकदा पट्टी उलटी ठेवली गेली तेव्हा सरांनी लगेच हटकलं. "नाव माझ्याकडे. अक्षरं सुलटी दिसली पाहिजेत." पुढे अकरा दिवस अक्षरं सुलटी होती.

म्हणजे फरशी बसवताना सपाट होती, याला पुरावा स्वतः हरीभाऊ. मग आता ती वाकडी का? उत्तर एकच उरतं, आणि ते भयंकर आहे: जमीन खचली. सांगलीची काळी माती, वर उन्हाळ्यात भेगा. पाया कच्चा. घर दक्षिणेकडे चाललं आहे, आणि लिंबू त्याच्या पुढे रस्ता दाखवतं आहे.

ही गोष्ट त्यांनी फक्त नाथाजींना सांगितली. नाथाजींनी फक्त बनुबाईंना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही घरांत लिंबं सोडण्यात आली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या रंगुबाईंकडची टोपली दहाच्या आत संपली आणि त्या विचारू लागल्या, "आज कसली अमुशा हाय का काय?"

सात घरांतली लिंबं जागची हलली नाहीत. लोकांना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. नाथाजींनी तर आपलं लिंबू दोनदा पायानं ढकलून पाहिलं.

"आमचं लिंबू म्हंजे शिस्तीतलं," ते म्हणाले. "आर्डर मिळाल्याबिगर हलत न्हाई."

हरीभाऊंनी बिल्डरला फोन लावला. लालासाहेब मलकापूरचे. तिथं कराडच्या बाजूला त्यांचं ऑफिस, आणि इथली आठ घरं हा सांगलीतला पहिला टप्पा. मागच्या प्लॉटवर दुसऱ्या आठ घरांचा टप्पा चालू होता. माणूस गोड.

"सर, लिंबू गोल आसतंय," लालासाहेब म्हणाले. "गोल वस्तू फिरणारच की. तुमी वांगं ठिवून बघा."

"वांगं?"

"न्हायतर फ्लॉवर. एक इंच हलला तर नाव बदला माझं. आन सर, थोडा उतार बरा आसतोय. फरशी पुसली की पानी आपल्या पायानं जातंय."

अपमान म्हणतात तो इथे झाला. एकतीस वर्षं विज्ञान हाताळलेल्या माणसाला फ्लॉवर ठेवायला सांगितलं होतं. हरीभाऊंनी फोन ठेवला आणि ठरवलं: ग्राहक आयोग.

*

नाथाजींचा पुतण्या इंद्रजित सांगलीत वकिली करत होता. तो आला, कोट काढून खुर्चीवर टाकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "हां, तर काका, मुद्दा असा की हे घर सदोष..."

"थांबा!"

स्वयंपाकघरातून शरयूबाई पळीसकट बाहेर आल्या होत्या.

"घरात असं काही बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

इंद्रजितला हे माहीत नव्हतं असं नाही. मराठी घरात वाढलेल्या कुणाला माहीत नसतं? फरशीखालचा वास्तुपुरुष दिवसभर दुसरं काही करत नाही. घरात जे बोलाल त्याला पालथ्या पालथ्या 'तथास्तु' म्हणतो. घर खचलं म्हणालात, तथास्तु. भिंत पडेल म्हणालात, तथास्तु. चांगलं-वाईट निवडणं त्याच्या कामात बसत नाही.

"पण काकू, तक्रार काय लिहायची मग?"

"लिहा की. बाहेर जाऊन."

म्हणून पहिली बैठक ओट्यावर झाली. पण हरीभाऊ चौकस. त्यांना शंका आली, आणि त्यांनी गुरुजींना फोन करून विचारलं की वास्तुपुरुषाला किती अंतरापर्यंत ऐकू येतं. गुरुजींनी पंचांग उलटसुलट चाळलं. शेवटी म्हणाले, "जोत्याच्या आत जे ते वास्तू. ओटा जोत्यात धरलाय का?"

धरला होता. बैठक पायरीवर आली. खालची पायरीही जोत्याला जोडलेली निघाली. मग नाथाजी म्हणाले, आमच्याकडे चला. तेव्हा बनुबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आवं भाऊजी, राग मानू नगा. पन तुमचं वाकडं तुमच्या दारात. आमच्या खाली बी एक झोपलाय. त्यो बी हेच म्हनतोय."

शेवटी जागा सापडली ती ओळीच्या टोकाला, विजेच्या डीपीजवळच्या कडुनिंबाखाली. 'धोका' असं लिहिलेल्या कवटीच्या पाटीखाली चार खुर्च्या पडल्या. अख्खी तक्रार तिथं तयार झाली. रस्त्यावरची बैठक असल्यानं सल्ल्याला तोटा नव्हता. दूधवाला थांबून म्हणाला, सोफ्याचे दोन पाय कापा, बसलेल्याला कळणार नाही. तिसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या, दक्षिणेला जड कपाट ठेवा. चौथ्या घरातले म्हणाले, उत्तरेला ठेवा, म्हणजे घर परत वर येईल. नाथाजींचं मत पडलं की सियाचीनला तंबूत उतार बघत बसलो असतो तर झोपलो कवा असतो. एकानं नुसतंच विचारलं, "लिंबू गावठी होतं का?" आणि उत्तर न ऐकता निघून गेला.

घरात मात्र भाषा बदलली होती. त्या महिन्यांत शेंड्यांच्या घरात बोललं गेलेलं एक संभाषण:

"अगं, आज आपली फरशी जरा जास्तच सपाट वाटतेय."

"हो ना. सकाळी दूध सांडलं, ते सपाटपणानं थेट कपाटाखाली गेलं."

"भिंतीवर ती बारीक रेघ दिसतेय..."

"नक्षी आहे ती."

"हो, हो. काल नक्षी एवढी नव्हती."

"वाढती नक्षी. शुभ असते."

दोघं एकमेकांकडे पाहत. मग हरीभाऊ चपला घालून डीपीपाशी जात, रेघेची खरी लांबी बाहेरच्या वहीत लिहीत आणि परत येत. वह्या आता दोन झाल्या होत्या.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शरयूबाईंनी एकदा डीपीखाली येऊन विचारलं, "खरं सांगा. राहता येईल ना आपल्याला इथे?"

हरीभाऊंनी कवटीकडे पाहिलं. "तेच शोधतोय," ते म्हणाले. साताऱ्याची जागा सोडलेली होती. दुसरं घर नव्हतं.

*

तक्रार दाखल करणं हा वेगळाच अनुभव. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सही, फोटोंची यादी. हरीभाऊंनी पुराव्यादाखल मूळ लिंबू पिशवीत घालून नेलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं ते फिरवून फिरवून पाहिलं.

"हे लावता येत नाही."

"का?"

"नाशवंत आहे. तारीख पडेपर्यंत हे टिकेल का?"

"बरणीत ठेवलं तर..."

"मग त्याचं लोणचं होईल. लोणचं घरंगळत नाही."

युक्तिवादात खोट नव्हती. लिंबाचा व्हिडिओ काढून पेनड्राइव्हमध्ये दिला. त्यात सात वेळा लिंबू जातं आणि मागे शरयूबाईंचा आवाज येतो: "किती छान चाललंय!"

तीन महिन्यांनी लालासाहेबांचं लेखी म्हणणं आलं. इंद्रजितनं ते डीपीखाली वाचून दाखवलं. पाया मजबूत आहे. जमीन तपासलेली आहे. फरशीत काही दोष असल्यास तो 'गवंडी कोंडीबा याच्या निष्काळजीपणामुळे' असून त्याला कामावरून कमी करण्यात आलेले आहे.

"साफ खोटं!" हरीभाऊ उठून उभे राहिले. "प्रत्येक फरशी मी स्वतः बघितलीय. कोंडीबाचा काही दोष नाही. पाणसळ होती! लिहा वकीलसाहेब, पितळी पाणसळ होती!"

इंद्रजितनं लिहून घेतलं. या कामात हरीभाऊंइतक्या खणखणीतपणे कोंडीबाची बाजू कुणी घेतली नाही, हे नोंदवून ठेवायला हवं.

चार दिवसांनी कोंडीबा स्वतः आला. डोक्यावरची टोपी हातात घेऊन डीपीखाली उभा राहिला.

"सर, माझं नाव कागदावर आलंय म्हनं."

"मी ते खोडून काढणार आहे, कोंडीबा."

"मागल्या लायनीचं काम काडून घेतलं माझ्याकडनं. आता नाक्यावर हुबा ऱ्हातो सकाळी. त्येचं काय न्हाई. पन लोक इचारत्यात, कोंडीबा, तुझी फरशी वाकडी कशी गेली? चाळीस वर्सात कवा गेली न्हाई." त्यानं आपल्या चपट्या अंगठ्याकडे पाहिलं. "मी काय सांगू? मला बी कळंना झालंय."

"पाया खचलाय, कोंडीबा. दुसरं काही असूच शकत नाही."

कोंडीबा काहीतरी बोलणार होता. मग सरांकडे बघून तो म्हणाला, "आसंल, आसंल," आणि टोपी घालून निघून गेला. हरीभाऊंना त्याचं ते थांबणं लक्षात राहिलं. त्यांनी ते वहीत निरीक्षणात लिहिलं. अनुमान अजून कोरंच होतं.

*

आयोगानं तज्ज्ञ नेमला. तज्ज्ञ म्हणजे कुणी टक्कल पडलेले गृहस्थ असतील अशी हरीभाऊंची कल्पना. आली ती प्रियदर्शनी नावाची तिशीची इंजिनिअर, स्कूटरवर, पाठीवर सॅक. लालासाहेब पांढऱ्या गाडीतून आले. इंद्रजित, नाथाजी, बनुबाई होत्याच. कोंडीबाला लालासाहेबांनीच बोलावलं होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा होता.

पहिला तास वास्तुपुरुषात गेला. मॅडमनी पाया उघडून पाहिला, भिंतींना ओळंबा लावला. पण आत काही बोलायला तोंड उघडलं की शरयूबाई "मॅडम, जरा बाहेर!" म्हणत. प्रियदर्शनी तीनदा बाहेर जाऊन डीपीखाली एकेक वाक्य लिहून आली. चौथ्या वेळी ती नुसती खुणेनं विचारू लागली.

बाहेर लिहिलेलं दुसरं वाक्य हरीभाऊंना आवडलं नाही. पाया खचल्याची कोणतीही खूण नाही. भिंतीवरची रेघ प्लास्टरची आहे. लालासाहेबांनी कोंडीबाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"आता फरशी बघू," प्रियदर्शनी म्हणाली. "माझ्या मशिनची बॅटरी सकाळच्या साइटवर उतरली. काका, साधी लेव्हल असेल का घरात?"

हा क्षण हरीभाऊंनी चौदा महिने मनात घोळवला होता. फरशी बसल्यापासून पुरावा म्हणून बंद ठेवलेली सागवानी पेटी त्यांनी आणली. पट्टी रुमालानं पुसली. नेहमीच्या सवयीनं अक्षरं दाराकडे करून ती फरशीच्या मधोमध ठेवली.

सगळे वाकले. बुडबुडा बरोबर मध्ये होता.

"बघा!" लालासाहेब म्हणाले. "सपाट!"

नाथाजींनी खिशातून लिंबू काढलं. त्या दिवसांत त्यांच्या खिशात ते असायचंच. पट्टीशेजारी ठेवलं. लिंबू डुललं आणि दक्षिणेला गेलं.

फरशी सपाट होती आणि लिंबू घरंगळत होतं. दोन्ही गोष्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या होत्या. हरीभाऊ अपमान विसरले, खटला विसरले. ते गुडघ्यांवर बसले, गाल फरशीला लावला, बुडबुड्याकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. "हे कसं काय?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एखाद्या सातवीतल्या मुलाचा आनंद होता.

प्रियदर्शनी आतल्या बाजूला उकिडवी बसली होती. अक्षरं तिला उलटी दिसत होती. कुणाची आहे ही छान जुनी वस्तू, म्हणून वाचायला तिनं पट्टी उचलली, तोंड आपल्याकडे केलं आणि त्याच जागी परत ठेवली.

"श्री. हरी सखाराम..." तिनं वाचलं, आणि थांबली.

बुडबुडा टोकाला जाऊन चिकटला होता.

तिनं पट्टी परत फिरवली. बुडबुडा मध्ये. पुन्हा फिरवली. टोकाला.

दरवर्षी जूनमध्ये विज्ञानाचे सर मुलांना सांगायचे: पाणसळ खरी आहे का ते बघायचं तर ती उलटसुलट ठेवून बघा, दोन्हीकडून बुडबुडा मध्ये आला पाहिजे. एकतीस वर्षं हरीभाऊंनी हे वाक्य ऐकलं होतं. मागच्या बाजूला उभे राहून, चंचुपात्रं पुसताना.

"काका," प्रियदर्शनीनं हळू विचारलं, "फरशी बसवताना हीच वापरली होती? आणि प्रत्येक वेळी अशीच, एकाच बाजूनं?"

हरीभाऊंना निळी खुर्ची दिसली. नाव माझ्याकडे. अक्षरं सुलटी.

त्यांचं तोंड उघडलं, पण आवाज आला तो उंबऱ्यातून. कोंडीबा चपला काढून आत आला होता.

"मॅडम, लिवा. चूक माझी हाय. मी नळी लावाय पायजे हुती. गवंडी मी हाय, सर न्हाईत. पट्टी कुनाची का आसंना, हात माझा हुता."

"कोंडीबा!" शरयूबाईंचा आवाज चिरकला. "घरात असं बोलायचं नाही! इथं बोललेलं खरं होतं!"

आणि मग त्या स्वतःच गप्प झाल्या, कारण आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. आग्नेय कोपरा चार पावलांवर होता. कोंडीबाचं वाक्य त्या दिशेनं निघालेलं होतं आणि त्याला थांबवणारं मध्ये काही नव्हतं.

लालासाहेबांनी खिशातून पेन काढून प्रियदर्शनीपुढे धरलं.

हरीभाऊ उठले. गुडघे वाजले. बाहेर डीपीपाशी जाऊन बोलता आलं असतं. तशी चौदा महिन्यांची पद्धतच होती. इंद्रजित त्यांना डोळ्यांनी तेच सांगत होता: काका, बाहेर या, आधी माझ्याशी बोला. ते बाहेर गेले नाहीत. आग्नेय कोपऱ्यापाशी गेले, फरशीच्या जरा अलीकडे उभे राहिले, आणि वर्गात हजेरी देतात तसं मोठ्यानं म्हणाले:

"पट्टी माझी. नाव माझं. नळी नको म्हणणारा मी. कोंडीबा नळी लावू म्हणाला होता, पहिल्याच दिवशी. फरशी माझ्यामुळे वाकडी आहे."

घरात 'वाकडी' हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. सगळ्यांनी शरयूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात पळी होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि कोंडीबाला म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

"मास्तर," नाथाजी म्हणाले, "फौजेत ह्येला मेडल देत्यात न्हाईतर कोर्ट मार्शल. मला आटवना कुठलं."

*

तक्रार मागे घेण्यासाठीही अर्ज करावा लागतो, आणि त्यालाही पानांना क्रमांक लागतात. कारकुनानं हरीभाऊंना ओळखलं. "लिंबू बरं आहे का?" त्यानं विचारलं. अर्जात हरीभाऊंनी कोंडीबाबद्दलचा परिच्छेद वेगळा घातला आणि त्याच्या दहा प्रती काढल्या. एक मलकापूरला पाठवली, एक नाक्यावरच्या चहाच्या टपरीत लावली. लालासाहेबांनी फोन करून सांगितलं की ते कागदावर माफीबिफी काही लिहीत नसतात, पण मागल्या ओळीला सोमवारपासून कोंडीबा दिसेल. तो दिसला.

पावसाळा संपल्यावर शेंड्यांच्या दिवाणखान्यातली फरशी नव्यानं बसली. आग्नेय कोपऱ्यातली तेवढी एक तशीच ठेवली. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा. खर्चाचं घरातल्या घरात ठरलं, ते इथे सांगायचं कारण नाही. निळी खुर्ची कोंडीबानं स्वतः उचलून डीपीखाली नेऊन ठेवली. मग नळीत पाणी भरलं, एक टोक स्वतः घेतलं आणि दुसरं हरीभाऊंच्या हातात दिलं.

"अंगठा दाबून धरा सर. मी म्हनलं की सोडा. आन बोलू नगा."

हरीभाऊ तीन दिवस बोलले नाहीत. दोन भिंतींना दोघं उभे, मध्ये नळी. पाणी एकीकडे चढायचं, दुसरीकडे उतरायचं, दमायचं आणि मग दोन्हीकडे एकाच रेषेवर उभं राहायचं. हरीभाऊ ते दर वेळी तितक्याच उत्सुकतेनं बघायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाथाजी आले, मधोमध लिंबू ठेवून त्यांनी हात काढला. लिंबू डुललं. मग तिथंच राहिलं.

"बोर वाटतंय आता," नाथाजी म्हणाले.

हरीभाऊंनी प्रयोगवही काढली आणि अनुमानाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले: लिंबू निर्दोष.

साताऱ्याच्या त्या शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, निरोप समारंभाच्या आधीच्या, जुलै २००९ च्या, पान एकेचाळीस, ओळ सहावर अशी नोंद आहे: 'पितळी पाणसळ, एक नग. टेबलावरून पडून निकामी. निर्लेखित करून यादीतून कमी करावी.' खाली सही: ह. स. शेंडे, प्रयोगशाळा सहाय्यक.